लाल दिवा तीनदा

मी द्राक्षबागेच्या मधोमध लोखंडी घोडीच्या वरच्या पायरीवर उभा होतो आणि खांबावरच्या डब्याचं झाकण उघडून आत बघत होतो. आतला बारकासा लाल दिवा दोनदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा दोनदा लुकलुकायचा. खाली लक्ष्मीकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"दोनदा म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

झाकणाच्या आत चिकटवलेला कागद पिवळा पडला होता, तरी वाचता येत होता. दोनदा लाल म्हणजे नेटवर्क सापडत नाही. तीनदा लाल म्हणजे नेटवर्क सापडलं, पण पासवर्ड चुकला. हिरवा म्हणजे सगळं ठीक. मी त्यांना वाचून दाखवलं.

"सोमवारपर्यंत हिरवा होता," काकू म्हणाल्या. "तू आला, आन लाल झाला."

ते खरं होतं.

पाच वर्षं झाली याला. मी तेव्हा दिंडोरीच्या एका इंटरनेटवाल्याकडे कामाला होतो. जांभळवणी गावात नवी फायबरची लाइन टाकली आणि पहिलं कनेक्शन पिंगळ्यांच्या मळ्यात दिलं. काकूंचा मुलगा प्रवीण नाशिकची नोकरी सोडून घरी आला होता, त्याला झटपट नेट हवं होतं. सोमवारी मी नव्या राउटरचा डबा बसवला, जुना राउटर काढून पिशवीत टाकला, प्रवीणच्या फोनमधलं जुनं नेटवर्क पुसून नवं जोडून दिलं, चहा प्यायलो आणि खुशीत निघून गेलो. हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते माझ्याकडून शिकावं.

कारण त्या घरात फोन आणि टीव्हीशिवाय आणखी एक गिऱ्हाईक होतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बागेतलं हवामानयंत्र. काकूंचे यजमान रंगनाथअण्णा यांनी ते नऊ वर्षांपूर्वी चांगले लाखभर रुपये घालून पुण्याच्या एका कंपनीकडून बसवून घेतलं होतं. वर वारा मोजायच्या वाट्या, पाऊस मोजायचं भांडं, आणि वेलींच्या उंचीवर एक खोटं पान. खरं पान दवानं ओलं झालं की हे खोटं पानही ओलं होई, आणि किती तास ओलं राहिलं ते घरच्या वायफायवरून थेट काकूंच्या फोनवर येई. द्राक्षवाल्याला तो आकडा म्हणजे सर्वस्व. पान फार वेळ ओलं राहिलं की डावणी ही बुरशी येते, आणि फुलोऱ्यात डावणी आली की घड जागच्या जागी कुजतात. आकडा कळला तर वेळेवर फवारणी होते, नाहीतर माणूस अंदाजानं औषध ओतत बसतो.

अण्णा रोज पहाटे सहाला गावच्या द्राक्षगटाच्या ग्रुपवर बोलून सांगायचे: इतके तास ओलं, फवारा, किंवा नका फवारू. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गटातल्यांना वाटलं, यंत्राचं पण आता संपलं. पण तेराव्यानंतरच्या पहाटे ग्रुपवर बाईचा आवाज आला. पाच तास ओलं, फवारायची गरज नाही.  दोघांतिघांनी तरी फवारलंच, आणि औषध वाया घालवलं. मोसम संपेपर्यंत अशी वेळ आली, की काकूंचा आवाज ऐकल्याशिवाय बेचाळीस बागांमधला एकही फवारणीचा ब्लोअर सुरू होत नसे. पंगतीत वाढून झालं का, याखेरीज ज्या बाईला गावानं उभ्या जन्मात काही विचारलं नव्हतं, तिला आता पागोटीवाले विचारून फवारत होते.

आणि सोमवारी मी तिचा आवाज बंद केला.

मंगळवारी काकूंचा फोन आला तेव्हा मी आमच्या धंद्यातला मूळमंत्र सांगितला: बंद करून चालू करा. त्यांनी केलं. मग मी वरच्या ऑफिसला फोन लावला, तर तिथल्या पोरीनं मलाही तोच मंत्र दिला. बुधवारी स्वतः गेलो. नवा डबा प्रवीणनं हॉलमधल्या काचेच्या कपाटात, ढाली आणि कपांच्या मधे ठेवला होता, आणि वर विणलेलं कव्हर घातलं होतं. मला वाटलं, हेच दुखणं. डबा ओट्यावर आणला, खिडकीत ठेवला, शेवटी घोडी लावून पत्र्याखाली टांगला. यंत्राचा लाल दिवा दोनदा लुकलुकत राहिला.

गुरुवारी घोडीवर उभ्याउभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवा डबा दोन तऱ्हेच्या लहरी सोडतो. एक जवळची पण वेगवान, दुसरी लांबवर जाणारी, सावकाश. आणि शहाणपणा असा, की दोन्हींना एकच नाव देतो आणि म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. नव्या फोनला ते समजतं. नऊ वर्षांपूर्वीच्या यंत्राला फक्त सावकाश लहर कळते, आणि हा घोळ त्याच्या टाळक्यात शिरत नाही. वर नव्या डब्याचं कुलूपही नव्या पद्धतीचं, त्याची किल्लीच जुन्या यंत्राकडे नाही. म्हणजे पळसाला पानं तीनच, पण आम्हाला ती मोजायला तीन दिवस लागले.

मी दोन्ही लहरी वेगळ्या केल्या. सावकाश लहरीचं कुलूप जुन्या पद्धतीचं केलं. आणि तिला जुन्या राउटरचंच नाव दिलं, 'पिंगळे फार्म'. ते घरात सगळ्यांना पाठ होतं. दोन मिनिटं थांबलो. दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन.

"सापडलं," मी वरून ओरडलो. "नेटवर्क सापडलं त्याला."

"पण लालच हाये," काकू म्हणाल्या.

"आता फक्त जुना पासवर्ड सांगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं.

पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. अण्णांनी तो कधी कोणाला सांगितलाच नव्हता. पाहुणा असो, जावई असो, स्वतःचा मुलगा असो, अण्णा त्याचा फोन आपल्या हातात घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून पासवर्ड टाकायचे आणि फोन परत द्यायचे. घरच्यांना वाटायचं, म्हातारा नेट जपतोय. काकूंच्या फोनमध्ये पासवर्ड होता, पण तो फोन इतका जुना, की नुसते ठिपके दाखवायचा. प्रवीणच्या नव्या फोनमधून तो काढता आला असता. त्याच्यातलं जुनं नेटवर्क मी सोमवारी स्वतःच्या बोटानं पुसलं होतं. आणि जुना राउटर? त्याच्या भोकात टाचणी घालून तो मंगळवारीच कोरा केला होता आणि वणीच्या एका सलूनमध्ये बसवला होता.

यंत्राला नवा पासवर्ड शिकवायचा, तर कंपनीचा खास प्रोग्रॅम असलेला कॉम्प्युटर लागायचा. कंपनी बुडून चार वर्षं झाली होती. यंत्र कोरं करायचं बटण होतं, पण ते दाबलं असतं तर पासवर्डबरोबर बाकीचंही सगळं पुसलं गेलं असतं आणि उरला असता नुसता खांब. म्हणजे यंत्र बदलणार नव्हतं. नव्या डब्यालाच जुन्याचं हुबेहूब सोंग घ्यावं लागणार होतं, आणि त्या सोंगाचा परवलीचा शब्द सरणावर गेला होता.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा हजर. मालकानं विचारलं, की जांभळवणीत सासुरवाडी केलीस का.  काकू बागेत क्रेट उलटा घालून बसल्या होत्या. त्या अंदाज सांगणार, मी फोनवरून डब्याचा पासवर्ड बदलणार, डबा बंद होऊन चालू होणार, दोन मिनिटं थांबायचं, मग घोडीवर चढून दिवा बघायचा. असा एकेक अंदाज.

कुलदैवताचं नाव टाकलं. तीनदा लाल. बागेचा गट नंबर. तीनदा लाल. ट्रॅक्टरचा नंबर, नातवंडांची नावं, अण्णांचं स्वतःचं नाव पुढून आणि मागून. तीनदा लाल. काकू म्हणाल्या, सासूबाईंचं टाक, आईचं नाव म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासूबाईंचं नाव टाकलं, त्यांच्या जन्मसालासकट टाकलं. दिवा ढिम्म. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि मला त्या गेलेल्या माणसाचा इतका राग आला होता, की समोर असता तर विचारलं असतं, अहो अण्णा, वायफाय होतं की तिजोरी?

"तुमचं नाव टाकून बघू," मी म्हणालो.

"माझं कशाला टाकतील?" काकू म्हणाल्या.

तरी मी टाकलं. लक्ष्मी. लक्ष्मीबाई. लक्ष्मीपुढे त्यांचं जन्मसाल, लक्ष्मीपुढे घराचा नंबर. काकू क्रेटवरून उठल्या आणि घोडीपाशी येऊन मान वर करून उभ्या राहिल्या. चारही वेळा त्यांनी स्वतः दिवा मोजला. चौथ्यांदा तीन झाल्यावर त्या परत जाऊन बसल्या.

"सांगितलं व्हतं मी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गटाचे अध्यक्ष पोपटराव मोटारसायकलवरून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली, मग मुद्द्यावर आले. चार दिवस आकडा नाही, वर ढग धरलेले, निम्म्या बागा फुलोऱ्यात. काल दोघांनी अंदाजानं फवारलं, दोघांनी नाही फवारलं, चौघांचेही जीव टांगणीला. गट असा थांबू शकत नाही. एका नव्या कंपनीचा माणूस रविवारी दहाला येतोय. त्यांचं यंत्र पोपटरावांच्या बागेत बसणार, आणि आकडे परस्पर सगळ्यांच्या फोनवर जाणार. मधे कोणी सांगायचीसुद्धा गरज नाही.

"रविवारी सकाळी तुमचा आकडा आला, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवू," पोपटराव म्हणाले. "नाही आला तर सह्या करतो. तुम्हाला तरी काकू किती तरास? या वयात पहाटे उठायचं. आता जरा आराम करा."

काकूंनी मान हलवली. मोटारसायकल बांधाच्या पलीकडे गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"आराम म्हंजे काय ते मला ठावं हाये, हिरामण," त्या म्हणाल्या. "वट्यावर बसायचं, आन कोणी इचारलं तं म्हणायचं, जेवले. आठेचाळीस वर्सं केलं ते. मला नाही करायचा आराम."

मग त्यांनी पुढचा अंदाज सांगितला: थॉमसन, अण्णांनी लावलेली पहिली जात. मी घोडीवर चढलो. संध्याकाळपर्यंत सव्वीस अंदाज झाले. सव्वीस वेळा तीनदा लाल. घरी आल्यावर बायको म्हणाली, की जेवताना मी भिंतीवरच्या डासांच्या मशीनचा दिवा मोजत होतो.

शनिवारी मला सुचलं, ते खरं तर गुरुवारीच सुचायला हवं होतं. यंत्र बसवायला कोणीतरी माणूस आला असेल ना? त्यानं पासवर्ड यंत्राला शिकवला असेल, म्हणजे अण्णांनी जगात निदान एका माणसाला तो सांगितलेला होता. काकूंना आठवलं, की शिंत्रे नावाचा उंच पोरगा होता आणि त्याला पुरणपोळी चालत नव्हती. एवढ्या माहितीवर मी कामाला लागलो. खतवाल्याला विचारलं, त्यानं औषधवाल्याकडे पाठवलं, औषधवाल्यानं पाइपवाल्याचा नंबर दिला. दुपारी दोनला कळलं, की शिंत्रे आता पिंपळगावला ठिबकचं दुकान चालवतात.

शिंत्र्यांनी फोन उचलला तेव्हा ते कोणाशी तरी नळ्यांवरून हुज्जत घालत होते. कंपनी बुडाली तेव्हा शेवटचे तीन पगार राहिले, हे त्यांनी मला आधी ऐकवलं. मग म्हणाले, बसवलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद मी वहीत करायचो, वही घरी माळ्यावर असेल, नसेलही. संध्याकाळी बघतो. मी काकूंचं नाव घेतलं, बागेची हकिगत सांगितली, शेवटी सरळ हात जोडतो म्हणालो. त्यांनी दुकान नोकरावर सोडलं आणि घरी गेले. मी काकूंच्या बागेत जाऊन बसलो. काकू क्रेटवर बसून माझ्या फोनकडे बघत होत्या. 

पाच वाजता फोन वाजला. मी उठून चार वेली पलीकडे गेलो.

"जांभळवणी, पिंगळे," शिंत्रे वहीतून वाचत होते. "नेटवर्क, पिंगळे फार्म. पासवर्ड सांगतो, सगळी लहान अक्षरं हां. एस, ए, जी, यू, एन, ए. मग सात, एक."

मी तळहातावर लिहिलं आणि वाचलं. सगुणा, एकाहत्तर.

 आठवडाभरात मी त्या घराच्या तीन पिढ्यांची नावं उलटीसुलटी टाकून बघितली होती. त्यांच्यात सगुणा कोणी नव्हती. ना बहीण, ना आत्या, ना सून. आणि अण्णा तो शब्द भिंतीकडे तोंड करून टाकायचे. माझ्या डोक्यानं दोन अधिक दोन केले आणि उत्तर आलं ते मला मुळीच नको होतं. मेलेल्या माणसाची अब्रू माझ्या तळहातावर बॉलपेननं लिहिलेली, आणि त्याची बायको चार वेलींच्या अंतरावर बसलेली.

मीही तेच केलं जे अण्णा करायचे. पाठ फिरवली आणि पासवर्ड टाकला. डबा बंद झाला, चालू झाला. दोन मिनिटं गेली. घोडीवर चढायची गरज पडली नाही. काकूच आधी चढल्या होत्या. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, घोडीच्या तिसऱ्या पायरीवर.

"हिरवा," त्या म्हणाल्या. मग खाली बघून पुन्हा म्हणाल्या, "हिरवा झाला रे."

त्यांनी उतरून फोन काढला. आकडे येत होते. वारा, पाऊस, पान. त्यांनी ते एकेक मोठ्यानं वाचले, आणि मला वाटलं, सुटलो. मी पिशवी उचलली.

"काय व्हता?" काकूंनी विचारलं.

"नंबरच होते काहीतरी."

"मंग सांग ना. लिहून ठेवते. पुन्हा असं व्हायला नको."

मी म्हणालो, की सोमवारी प्रवीणला सांगतो. म्हणालो, की ऑफिसात नोंद असते. म्हणालो, की त्यात एक इंग्रजी शब्द आहे, तुम्हाला लिहिता यायचा नाही. काकूंनी प्रत्येक थाप पूर्ण ऐकून घेतली.

"हिरामण," त्या म्हणाल्या, "चार दिवस तुझ्यासंग उन्हात बसले. माझ्या घरातलं कुलूप, आन किल्ली तू मला सांगणार नाही?"

मी चपलांकडे बघत सांगितलं, "सगुणा. पुढे एकाहत्तर."

 मी मान वर केली नाही. शेजारच्या बागेत कोणीतरी मोटर बंद केली, तेवढं ऐकू आलं. मला वाटलं, आता ही बाई रडेल, किंवा मला हाकलेल, आणि दोन्हीला मी लायकच होतो. मी घाईघाईनं म्हणालो, की कोणी लांबच्या नात्यातली असेल, नाहीतर एखादी देवी असेल, पुष्कळ ठिकाणी असतात.

"मीच," काकू म्हणाल्या.

मी मान वर केली.

"माहेरचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं लक्ष्मी लिहिलं, झाली लक्ष्मी. एकाहत्तर सालची गोष्ट. मांडवातून निघताना आईनं एकदा हाक मारली सगुणा म्हणून, तं सासूबाई म्हणल्या, आता ते नाव नाही घ्यायचं. आई होती तवर माहेरी गेले की ऐकू यायचं. भाऊ अक्का म्हणायचा. ते दोघंही गेले. प्रवीणला इचार, त्याला ठावं नसंल."

मला केवढं हलकं वाटलं ते सांगता येत नाही. आणि हलकं वाटलेला माणूस जे बोलतो तेच मी बोललो. म्हणालो, काकू, अण्णांची केवढी माया होती तुमच्यावर.

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सडका घड आहे आणि कात्री त्यांच्या हातात आहे.

"माया?" त्या म्हणाल्या. "आठेचाळीस वर्सं मी या माणसाच्या समोर व्हते. अगं म्हणले. ऐकलं का म्हणले. प्रवीण झाल्यावर प्रवीणची आई म्हणले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी पाणी मागितलं, तं तेही अगं म्हणून मागितलं. मला वाटायचं, इसरले असतील. लग्नाआधीचं नाव, कोण ध्यानात ठेवतंय. मी सोडून दिलं व्हतं रे. आन आज कळू राह्यलं, का यांना पाठ व्हतं. पाहुण्याच्या फोनला सांगितलं, जावयाच्या फोनला सांगितलं, या खांबाला सांगितलं. मला एकदा हाक मारली असती तं काय झिजलं असतं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पाणी रागाचं होतं.  मला माझ्या घरचं आठवलं. माझी बायको लग्नाआधीची कल्पना. आमच्या घरात ती वैशाली झाली, कारण माझ्या आईला तेच नाव आवडायचं. तेरा वर्षांत मीही कधी कल्पना म्हणून हाक मारली नव्हती. मारावीशी वाटली नव्हती असं नाही.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "हा पासवर्ड बदलता येईल?"

"नाही. बदलला की यंत्र पुन्हा लाल."

"म्हंजे यंत्र हाये तवर हाच."

"हाच."

"आन कोणी पाहुणा आला, नेट मागितलं, तं त्याला हेच सांगावं लागंल?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हळू सांगितलं तरी चालतं काकू."

"नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्यानंच सांगायचं. या घरात फोन हातात घेऊन भिताडाकडं तोंड करायचं आता बंद."

घरी येताना मला वाटलं होतं, की इतक्या दिवसांचा शीण आहे, रविवारी उशिरापर्यंत झोपेन. पण पावणेसहालाच जाग आली. लाल दिव्याच्या काळजीनं मी त्या द्राक्षगटाच्या ग्रुपमध्ये स्वतःला घालून घेतलं होतं. सहा वाजले, सहा वाजून दोन मिनिटं झाली. बेचाळीस माणसं वाट बघत होती, आणि पोपटरावांनी दहाच्या बैठकीची आठवण आदल्या रात्रीच टाकून ठेवली होती. मी अंथरुणात उठून बसलो. पुन्हा लाल झाला असेल का, एवढाच विचार डोक्यात. मग आवाज आला.

"नमस्कार. मी सगुणा पिंगळे बोलते. रात्री पान साडेनऊ तास ओलं व्हतं. चार दिवसांत तीन रात्री असंच झालं असणार. ज्यांच्या बागा फुलोऱ्यात हायेत त्यांनी चहा प्यायला थांबू नका, आठाच्या आत फवारणी उरका. दहानंतर वारा हाये."

 मग एकानं प्रश्नचिन्ह टाकलं. दुसऱ्यानं विचारलं, नंबर तर पिंगळेकाकूंचाच दिसतोय, बोलतंय कोण? मग खुद्द पोपटरावांचा आवाज आला. ते गोंधळले होते, आणि जरा घुश्शातही होते.

"आकडा कळला, पण ही सगुणा कोण? लक्ष्मीकाकू कुठायत?"

उत्तर यायला वेळ लागला नाही. चार सेकंदांचं होतं. मी ते शेजारी जागी झालेल्या बायकोला ऐकवलं, आणि ऐकवताना तिला पहिल्यांदा तिच्या नावानं हाक मारली.

"यंत्र ज्या बाईचं हाये ती सगुणा," काकू म्हणत होत्या. "साडेनऊ तास ऐकलं ना, पोपटराव? मंग बागंत जा."